ब्रह्मदेशचा थिबा राजा

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत संतांचीं, मिशनऱ्यांचीं आणि धर्मग्रामाच्या उपकारकर्त्यांचीं चरित्रें यावयाचीं, असा परिपाठ आहे. आणि तो योग्यच आहे. असें असतां जो ख्रिस्ती नव्हता, किंबहुना ज्याच्या नांवावर मोठ्या मनुष्यवधाचा डाग आहे, अशा एका राजाचें चरित्र आम्ही येथें कां देत आहों, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज येईल. त्याला आमचें उत्तर एवढेंच कीं, हा राजा तीस वर्षें आमच्या रत्नागिरींत राहिला, येथेंच मरण पावला, आणि त्याची कबर ख्रिस्ती दफनभूमीला लागून असलेल्या लहानशा आवारांत आहे. सर्व मृतांच्या दिवशीं आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावून परत फिरतांना त्या शेजाऱ्याची आठवण कोणाला झाली, तर ती अस्थानीं नाहीं. दुसरें असें कीं, ज्युबिलीचें वर्ष हें कुमसाराचें व आत्मपरीक्षणाचें वर्ष. आणि मनुष्याच्या अंतःकरणांत काय काय दडलेलें असतें हें समजून घेण्यास या राजाच्या चरित्राइतकें जवळचें साधन आमच्या गांवांत दुसरें नाहीं.

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजीं मंडाले येथें झाला. त्याचा पिता मिंडोन राजा हा मोठा धर्मशील गणला जाई. त्यानें सन १८७१ मध्यें बौद्ध भिक्षूंची पांचवी धर्मसंगीति भरविली, आणि सर्व त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेतलें; त्या शिला मंडालेस उभ्या आहेत. परधर्मीयांशींहि त्याचें वागणें उदार होतें. इंग्रज मिशनरी डॉ. मार्क्स ह्यांस त्यानें स्वतःच्या खर्चानें शाळा बांधून दिली, व आपले कांहीं मुलगे तेथें शिकावयास पाठविले. राजपुत्र हत्तींवर बसून, सोनेरी छत्रांखालीं शाळेंत येत. त्यांतच हा थिबा होता. मात्र त्याच्या आईवर राजाची इतराजी झालेली होती, आणि शंभराच्या आसपास अपत्यें असलेल्या त्या वाड्यांत अशा आईच्या मुलाकडे कोणाचें फारसें लक्ष असावयाचें कारण नव्हतें. पुढें त्याला मठांत ठेवण्यांत आलें. तेथें त्यानें चीवर धारण करून पाली ग्रंथांचा मन लावून अभ्यास केला, व सन १८७७ मध्यें धर्मशास्त्राची अवघड परीक्षा तो उत्तम रीतीनें उतरला. बापाला त्याचें मोठें कौतुक वाटलें. त्या वेळीं थिबा अठरा वर्षांचा होता. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे : बौद्ध धर्माच्या पंचशीलांतलें पहिलें शील जीवहत्या न करण्याचें आहे, आणि तें ज्याला बालपणापासून मुखोद्गत होतें, ज्यानें त्यावर परीक्षा दिली होती, असा हा तरुण होता.

आतां ब्रह्मदेशच्या गादीची रीत सांगितली पाहिजे. आपल्याकडे किंवा विलायतेंत वडील मुलाकडे राज्य जातें, तसा तेथें पक्का निर्बंध नव्हता. राजाचा भाऊ, कोणत्याहि राणीचा मुलगा, ज्याच्या पाठीशीं बळ असेल तो राजा होऊं शके. त्यामुळें एक राजा मेल्यापासून दुसरा स्थिर होईपर्यंतचा काळ हा निर्बंध नसलेला काळ असे. जुना हुकूम संपलेला, नवा सुरू झालेला नाहीं. आणि त्या फटींत काय होईल हें कोणालाच ठाऊक नसे. मिंडोननें आपला भाऊ कनाउंग ह्यास युवराज नेमून ही फट बुजविण्याचा यत्न केला होता. परंतु सन १८६६ च्या ऑगस्टांत मिंडोनच्याच दोन मुलांनीं बंड करून त्या चुलत्यास ठार मारलें. त्यानंतर राजानें पुन्हा युवराज नेमलाच नाहीं. एकास नेमावें तर इतर त्याचा जीव घेतील, अशी त्यास धास्ती वाटली. नेमणूक टाळून त्यानें एकाचा जीव वांचविला खरा. पण तीच टाळाटाळ पुढें सर्वांच्या जीवावर आली.

सप्टेंबर १८७८ मध्यें मिंडोन हगवणीच्या आजारानें अंथरुणास खिळला. मधल्या वाड्याची राणी सिन्ब्यूमाशिन ही मोठी कारस्थानी बाई होती. तिला मुलगा नव्हता, मुली होत्या. त्यांतली सुपयालत ही थिबास देऊन त्याला गादीवर बसवावें, म्हणजे सत्ता आपल्या हातीं राहील, असा तिनें बेत केला. प्रधान किनवुन मिंजी हाहि ह्या बेतास मिळाला. परंतु त्याचा हेतु निराळा होता. सन १८७२ मध्यें तो युरोपांत जाऊन आला होता, आणि राजाची सत्ता प्रधानमंडळाच्या हातीं नियमबद्ध असावी असें त्याच्या मनानें घेतलें होतें. मठांतून आलेला हा सौम्य मुलगा नियमांनीं बांधून ठेवण्यास सोपा, असें त्यास वाटलें. मनुष्याचे हिशेब कसे चुकतात पाहा!

राजा भेटीस बोलावीत आहे अशा निरोपावर राजपुत्रांना वाड्यांत आणवून कैद करण्यांत आलें. त्यांच्या आयांनीं राजाच्या पलंगापाशीं जाऊन आकांत केला, तेव्हां त्यानें मुलांना सोडण्याचा हुकूम दिला. पण मरणाऱ्या राजाचा हुकूम किती काळ चालणार? राजपुत्र पुन्हा पकडले गेले. दोघे मात्र वेषांतर करून इंग्रज रेसिडेंटाच्या आश्रयास पोंचले, आणि तेथून हिंदुस्थानांत आले. ज्या हलक्या नोकरमाणसांनीं जीव धोक्यांत घालून त्यांना लपविलें असेल, त्यांचीं नांवें इतिहासानें टिपलीं नाहींत. ता. १ ऑक्टोबर १८७८ रोजीं मिंडोन मरण पावला, आणि वयाच्या विसाव्या वर्षीं थिबा गादीवर बसला.

कैदेंतले भाऊबंद जिवंत असेपर्यंत गादी सुरक्षित नाहीं, असें नव्या राजाच्या कानीं रोज घालण्यांत येत होतें. फेब्रुवारी १८७९ च्या मध्यास, सुमारें तीन दिवसांत, राजघराण्यांतील ऐंशींच्या सुमारास माणसें मारण्यांत आलीं. त्यांत राजपुत्र होते, राजकन्या होत्या, आया होत्या, आणि लेंकरें होतीं. राजरक्त भूमीवर सांडूं नये असा जुना संकेत. म्हणून त्यांना मखमलीच्या पिशव्यांत घालून दांडक्यांनीं मारलें, कित्येकांचे गळे दाबले, व प्रेतें खड्ड्यांत लोटलीं. त्या दिवसांत वाड्यांत नाचगाण्याचे खेळ चालू होते, असें त्या काळचे वृत्तांत सांगतात. आम्हांस येथें थांबावेंसें वाटतें. रक्त सांडूं नये हा नियम पाळला गेला, आणि मारूं नये हा नियम मोडला गेला! मनुष्य रानटी होतो तेव्हां तो सगळेच नियम टाकून देतो असें नाहीं. बारीकसे शिष्टाचार तो मोठ्या काळजीनें सांभाळतो. परूशी लोकांस प्रभूनें दिलेला ठपका आपणांस ठाऊक आहेच.

रेसिडेंट शॉ ह्यानें ह्या कृत्याचा निषेध केला. मंडालेच्या दरबारानें उत्तर दिलें तें असें कीं, राज्याच्या शांततेसाठीं हें पूर्वापार चालत आलें आहे, व स्वतंत्र राजाच्या घरांत बाहेरच्यानें पडूं नये. पूर्वीच्या राजांनीं असें केलें होतें, हें खोटें नव्हे. किनवुन मिंजीचें प्रधानमंडळ व त्याचे नियम ह्या तीन दिवसांत बाजूस पडले. राणी सुपयालत, तिची आई, आणि टैंगडा मिंजी नांवाचा दुसरा मंत्री ह्यांचें बळ वाढलें. सन १८८४ मध्यें मंडालेच्या तुरुंगांत पुन्हा मोठी कत्तल झाली. एकदां उघडलेलें दार आपोआप लागत नाहीं.

ह्या पापाचा धनी कोण? बहुतेक इतिहासकार सासूला व राणीला दोष देतात, आणि थिबाला दुबळा म्हणून सोडून देतात. कांहींजण रूढीला दोष देतात. आमचें मत निराळें आहे. थिबा क्रूर नव्हता, हें आम्ही मान्य करितों. कत्तलीची योजना त्याची नव्हती, हेंहि मानूं. परंतु राजा तो होता. त्याच्या एका शब्दानें ती थांबली असती, आणि तो शब्द त्यानें उच्चारला नाहीं. पोंती पिलातानें हात धुतले म्हणून त्याचे हात स्वच्छ झाले नाहींत. कर्तव्य न केल्याचें पाप हें पापच आहे, असें आपली ख्रिस्तसभा शिकविते, व मिस्साच्या आरंभीं आपण तें कबूल करितों. शिवाय थिबाला धर्म ठाऊक नव्हता असें कोण म्हणेल? जें शील त्यानें मठांत घोकलें, तेंच त्याच्या नांवानें पायाखालीं तुडविलें गेलें.

इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्ज ह्यानें सन १६५१ मध्यें प्रतिपादन केलें कीं, राजसत्तेचा धाक नसेल तर माणसें एकमेकांचे वैरी होतात. पुढील शतकांत रूसो ह्यानें उलट मांडलें कीं, मनुष्य मूळचा निष्पाप असून समाजच त्याला बिघडवितो. आम्हांस दोन्ही मतें अर्धवट वाटतात. थिबाला मंडालेचा समाज बिघडवीत होता हें खरें. पण बिघडण्यास आंत कांहीं जागा असल्यावांचून तो बिघडला असता काय? आणि धाक गेल्याबरोबर सर्वच माणसें लांडगे होत असतीं, तर त्या दोन राजपुत्रांना लपविणारे कोठून आले? आद्यपापानें मनुष्याचा स्वभाव दुखावला आहे, पण नष्ट झालेला नाहीं. आणि परधर्मीयांच्याहि अंतःकरणांत देवाचा कायदा लिहिलेला आहे, असें संत पौलानें रोमकरांस कळविलें आहे. तो कायदा दिसावयास मात्र उजेड लागतो, आणि वाड्यांत त्या दिवसांत फार अंधार होता.

येथें कोणी ख्रिस्ती वाचक मनांत म्हणेल कीं, हे तर तिकडच्या राजांचे प्रकार, आपला ह्यांशीं संबंध काय. तेव्हां त्याच ब्रह्मदेशांतली एक जुनी गोष्ट सांगतों. सतराव्या शतकाच्या आरंभीं फिलिप द ब्रितो नांवाचा पोर्तुगीज, बाप्तिस्मा घेतलेला कॅथलिक, सिरियम बंदराचा धनी होऊन बसला. गोव्याचा अधिकार नांवापुरता, आणि गोवें दूर. त्यानें पॅगोडे लुटले, आणि तोफा ओतण्यासाठीं श्वेडॅगॉनची प्रचंड घंटा सन १६०८ मध्यें काढून नेली. ती नदींत बुडाली. सन १६१३ मध्यें तेथील राजानें सिरियम घेऊन त्यास सुळीं दिलें. त्याच्या पकडलेल्या माणसांना राजानें वरच्या मुलुखांत नेऊन वसविलें, व तोफखान्याच्या चाकरीस लावलें. त्यांच्या वंशजांना बायिंजी म्हणतात. ना चर्चचा दबदबा, ना स्वकीयांचें राज्य, अशा स्थितींत त्यांनीं पिढ्यान् पिढ्या आपली श्रद्धा राखली. एकाच गलबतांतून गेलेल्या लोकांत लुटारूहि होते, आणि पुढें ज्यांचीं नातवंडें जपमाळ धरून बसलीं तेहि होते.

थिबाचें राज्य सात वर्षें चाललें. सन १८८५ मध्यें सागवानाच्या व्यवहारावरून बॉम्बे बर्मा कंपनीस त्याच्या दरबारानें सुमारें २३ लाख रुपये दंड केला. इंग्रजांना फ्रेंचांचा शिरकाव नको होता, व निमित्त हवें होतें. ऑक्टोबरांत निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरांत जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावती नदीनें वर निघाली, आणि पंधरवड्यांत मंडाले पडलें. राजाला धरण्यापूर्वींच्या रात्रीं वाड्यांत चोरांचा व बाजारी लोकांचा सुळसुळाट झाला. ज्यांच्या हातास जें लागलें तें त्यांनीं नेलें. एक प्रसिद्ध माणिक त्या गोंधळांत नाहींसें झालें. तें इंग्रज कर्नल स्लेडन ह्यानें पाहावयास म्हणून घेतलें, असें थिबा शेवटपर्यंत सांगत राहिला. ता. २९ नोव्हेंबर १८८५ रोजीं राजाराणीला वाड्याबाहेर काढून आगबोटीवर चढविलें.

सुधारणा आणतों असें म्हणणाऱ्यांचें पुढें काय झालें, हेंहि सांगणें न्यायाचें होईल. १ जानेवारी १८८६ रोजीं, थिबाच्या सत्ताविसाव्या वाढदिवशींच, राज्य खालसा झाल्याचें जाहीर झालें. राजा गेला, त्याबरोबर गांवोगांवचा जुना बंदोबस्त गेला, आणि दरोडेखोरांचें राज्य माजलें. तें मोडण्यास तीस हजारांवर शिपाई लागले, गांवें जाळलीं गेलीं, आणि झटपट चौकशी करून माणसें गोळ्या घालून मारण्यांत आलीं. मंडालेच्या लष्करी पोलिसांचा प्रमुख कर्नल हूपर ह्यास छायाचित्रांचा छंद होता. गोळी लागण्याच्या नेमक्या क्षणाचीं चित्रें त्यानें काढलीं, आणि त्याबद्दल विलायतेच्या पार्लमेंटांत ओरड झाली. तो सुशिक्षित व आपल्या कलेंत नांवाजलेला मनुष्य होता.

थिबाला प्रथम मद्रासेस ठेविलें, आणि एप्रिल १८८६ मध्यें रत्नागिरीस आणलें. रेल्वे नाहीं, पावसाळ्यांत बंदर बंद. पळून जाण्यास अवघड व विसरून जाण्यास सोपें, असें गांव सरकारनें शोधून काढलें होतें. बरोबर दोन राण्या होत्या, मंडालेंत जन्मलेल्या दोन मुली होत्या, आणि मद्रासेस महिन्याभरापूर्वीं झालेली तिसरी. चौथी रत्नागिरीस सन १८८७ मध्यें जन्मली. वय सत्तावीस. येथून पुढें तीस वर्षें ह्या मनुष्याच्या हातून कोणाच्याहि जीवास इजा झाली नाहीं. हाच तो थिबा. मठांत सालस, वाड्यांत त्या भयंकर कृत्याचा धनी, आणि रत्नागिरींत पुन्हा सालस.

त्याच्यावर एक पोलीस अधिकारी नेमलेला असे, व त्याच्या परवानगीवांचून आवाराबाहेर पडतां येत नसे. राजा बहुधा घरांतच राही, दुर्बिणीनें समुद्रावरचीं गलबतें पाही, सणावारीं भिक्षूंस दान करी. सरकारी तनखा पुरेना, म्हणून माणकें व दागिने एकेक करून विकले; घेणाऱ्यांनीं त्याला भरपूर फसविलें. गांवच्या लोकांना मात्र तो दिवाळीसारख्या सणांत मोकळ्या हातानें देई, आणि रत्नागिरीनें त्याला दानशूर म्हणूनच ध्यानांत ठेविलें. व्हाइसरॉयास तो अर्जामागून अर्ज पाठवी. त्यांत माणिक होतें, पैसा होता, राहण्याची गैरसोय होती. मारल्या गेलेल्या भावंडांची आठवण त्याला रात्रीं कशी येत असेल, हें त्याचें त्याला आणि देवाला माहीत. आपल्या कुमसाराच्या खुर्चीसारखें कांहीं त्याच्याजवळ नव्हतें, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

नवा वाडा सन १९१० मध्यें बांधून झाला. खाडीकडे तोंड, वर उतरतीं छपरें. त्याच्या आंखणींत राजानें स्वतः लक्ष घातलें होतें. त्याच सुमारास एक चमत्कारिक अदलाबदल घडली होती. रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक सन १९०८ पासून सहा वर्षें मंडालेच्या किल्ल्यांतील तुरुंगांत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीस, आणि रत्नागिरीचा पुढारी मंडालेस. सरकारला दोन्ही गांवें सारखींच उपयोगी पडलीं.

नव्या वाड्यांत सुख आलें नाहीं. धाकटी राणी सन १९१२ मध्यें वारली. थोरल्या राजकन्येस वाड्याच्या विवाहित दरवानापासून मुलगी झालेली होती. राजवंशांत केवळ राजवंशांतच लग्न करावयाचें, ह्या रूढीपायीं चारहि मुलींचीं वयें वाढत गेलीं होतीं. ज्यांच्याशीं सोयरीक व्हावयाची ते भाऊबंद उरलेच कोठें होते! सन १९१६ च्या अखेरीस दुसरी मुलगी बापाच्या मनाविरुद्ध लग्न करण्यासाठीं घर सोडून गेली. तो धक्का राजाला सोसला नाहीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १९१६ मध्यें, हृदयविकारानें त्याचा अंत झाला. वय सत्तावन होतें.

राणी सुपयालतनें शव मायदेशीं नेण्याचा हट्ट धरला, पण सरकारनें तो मानला नाहीं. दोन वर्षांहून अधिक काळ शवपेटिका वाड्याच्या आवारांतच होती. अखेर सन १९१९ मध्यें राजाला व धाकट्या राणीला सांप्रतच्या जागीं मूठमाती देण्यांत आली. त्याच वर्षीं राणी ब्रह्मदेशास परतली, आणि सन १९२५ मध्यें रंगून येथें मरण पावली. तेथें तिची समाधि आहे. वाड्यांत पुढें सरकारी माणसें, मग शिक्षणसंस्था, मग वस्तुसंग्रहालय आलें. थोरली राजकन्या रत्नागिरीस परत आली, व सन १९४७ मध्यें दारिद्र्यांत येथेंच वारली. तिची मुलगी, म्हणजे मिंडोन राजाची पणती, मराठी बोलत, इथल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांत संसार करून म्हातारी झाली.

डिसेंबर २०१२ मध्यें ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन ह्या कबरीच्या दर्शनास रत्नागिरीस आले होते. शव परत नेण्याची गोष्ट मधून मधून निघते. थिबा अजून येथेंच आहे.